गाडी उन्हातच राहील

आमच्या भागात पाहुण्यानं गाडीतून पाय खाली ठेवायच्या आत घरधनी ओरडतो, "गाडी सावलीला लावा!" पाणी नंतर, चहा नंतर, ख्यालीखुशाली त्याहून नंतर. जिथं झाडंच हाताच्या बोटांवर मोजायची, तिथं आपली सावली दुसऱ्याला देणं हा मोठा मान असतो. तो मान मी गेली तीन वर्षं दारोदार नाकारत फिरते आहे. कडुलिंबाखाली जागा रिकामी असताना मी भर उन्हात, खळ्याच्या मधोमध गाडी उभी करते आणि यजमानाचं तोंड उतरतं. काहीजण समजावतात. काहीजण मागून बोलतात, बाईचं डोकं फिरलंय म्हणतात. बोलू देत. माझी गाडी उन्हावर जगते, आणि तिचं पोट भरलं तरच आमचं भरतं.

मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. कोरेगाव, खटाव, रहिमतपूरच्या आसपासची खेडी, बदली होईल तिकडं. प्रत्येक गावात भाड्याची खोली, प्रत्येक खोलीला एक मालकीण, आणि प्रत्येक मालकिणीचा पहिल्या आठवड्यातला एकच प्रश्न, "मिस्टर कुठं असतात?" नवऱ्यानं मला सोडलं असं गाव म्हणतं. मी त्याला सोडलं असं मी म्हणते, आणि त्या वेळी तिथं मी हजर होते, गाव नव्हतं.

निवृत्तीला सहा महिने असताना माझ्या धाकट्या भावानं स्लॅबवर एक खोली बांधायला काढली. भाऊ माणूस वाईट नाही. माण तालुक्यात, आमच्या गावी, त्याची पोल्ट्री आहे. आई त्याच्याकडंच असते, आणि बहिणीलाही म्हातारपणी आसरा द्यावा एवढी माया त्याच्यात आहे. पण त्या खोलीचा जिना त्यानं घराच्या आतून काढला होता, मी कधी जाते, कधी येते, हे स्वयंपाकघरातून दिसेल असा. "आक्का, लय फिरलीस, आता हितं निवांत पडून ऱ्हा," तो म्हणाला. निवांत पडून राहायला मी काय ज्वारीचं पोतं होते? मी सांगितलं, खोली कर आणि तिच्यात कोंबड्यांचं खाद्य ठेव. मी घर घेतलंय आणि त्याला चार चाकं आहेत.

ते घर म्हणजे पाचगणीच्या एका शाळेनं काढून टाकलेली छोटी बस. गाडी चालवायला मी पन्नाशीत शिकले होते, हट्टानं, दोनदा नापास होऊन. सांगलीत बॉडीचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीकडं ती बस दोन महिने उभी होती. सीटा निघाल्या. झोपता येईल अशी दोन बाकं आली, ओटा आला, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, आणि पडद्याआड एवढासा संडास. कागदपत्रांसाठी ज्या खेपा घातल्या त्यांच्याविषयी मी बोलत नाही, रक्तदाब वाढतो. मिस्त्री कामात तरबेज, पण काही ठरवायचं आलं की टेप गुंडाळत विचारायचा, "मॅडम, मिस्टर कवा येणार बगायला?" तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हणाले, "मिस्टर येणार नाहीत. जे काय दाखवायचं ते मला दाखवा, आणि मला कळेपर्यंत दाखवा." मग मात्र त्यानं मन लावून दाखवलं. छतावर दोन सोलर पॅनेल, बाकाखाली बॅटरी, आणि दोघांच्या मध्ये चार्ज कंट्रोलर नावाचा डबा. ऊन किती आलं, बॅटरीत किती उरलं, हे त्या डब्यावर आकड्यांत दिसतं. दिवे, दोन पंखे, पाण्याचा पंप आणि एक छोटा फ्रीज त्या बॅटरीवर चालतात. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही.

भाऊ एकदा सांगलीला येऊन सगळं बघून गेला. बाकाखाली वाकून म्हणाला, "आन् ही सपली की? रोज कुणाच्या तरी दारात वायर टाकून लाईट मागायची व्हय? आपल्या घराण्यात कुणी मागून खाल्लं न्हाई, आक्का." ते मला झोंबलं. मिस्त्री बाहेरून वीज घ्यायचं सॉकेट बसवणार होता, गाडी चालताना इंजिनावर ही बॅटरी चार्ज व्हावी म्हणून तारही ओढणार होता. मी दोन्ही नको म्हणाले. सूर्य देईल त्यात भागवीन, कुणाच्या भिंतीतून एका दिव्यापुरतीही वीज घेणार नाही. मिस्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला. आज मला त्याचं पटतं. तेव्हा माझं डोकं तापलं होतं, आणि तापल्या डोक्यानं घेतलेले निर्णय मी सहजासहजी मोडत नाही.

पहिल्याच फेरीत फजिती झाली. मी श्रावणात महाबळेश्वरला गेले. हसू नका. पोरांना सौरऊर्जेचा धडा शिकवलेली बाई मी, सूर्य हा ऊर्जेचा अक्षय स्रोत आहे हे वाक्य फळ्यावर लिहून पाठ करून घेतलेली. अक्षय असेल, पण श्रावणात महाबळेश्वरात नसतो, हे धड्यात नव्हतं. ढग खिडकीला टेकलेले, समोरचं झाड दिसेना, आणि डब्यावरचा आकडा रोज खाली. तिसऱ्या दिवशी दिवा लागेना, पंप चालेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. भाड्याच्या टॅक्सीवाले येऊन चौकशी करून जायचे, एकटीच का, बरोबर कोणी नाही का. मी त्यांना चहा पाजला आणि घाट उतरून वाईच्या पलीकडं ऊन गाठलं. ऊन लागताच आकडा वर सरकला तेव्हा मी गाडीत एकटीच टाळ्या वाजवत होते.

मग शिकत गेले. फांदीची सावली पॅनेलच्या नुसत्या कोपऱ्यावर पडली तरी आकडा निम्म्याच्या खाली येतो. धुळीचा थर बसला की येतो. ऊस गाळायच्या दिवसांत सांगलीकडं कारखान्यांची काळी राख पडते, तिनंही येतो. रोज उजाडताना शिडी लावून वर चढायचं, ओल्या फडक्यानं काचा पुसायच्या, मगच चहा. लोक देवाला पाणी घालतात त्या वेळेला मी पॅनेलला घालते. गावातल्या बायका बघतात आणि हात जोडायचे की नाही, असा त्यांना प्रश्न पडतो.

दुसऱ्या वर्षी चैत्रात मी आईला बरोबर घेतलं, आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते.

आमचं घर धनगराचं. आई लग्न होऊन आली ती घरात नाही, कळपात आली. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरं, भांडी असं सगळं बिऱ्हाड कोरड्या मुलखातून कृष्णाकाठाला उतरायचं. तिथले शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. लेंड्यांचं खत त्यांना, बदल्यात ज्वारी आम्हाला. पावसाच्या तोंडाला सगळे परत. मला शाळेसाठी मामाकडं ठेवलं म्हणून मी मास्तरीण झाले, नाहीतर मीही चालतच राहिले असते. वडील गेल्यावर भावानं मेंढरं विकली, सिमेंटचं घर बांधलं आणि आईला त्यात बसवलं. त्याला वाटलं, जन्मभर पाय झिजवले, आता बसू दे. तिला कुणी विचारलं नाही. ती चौदा वर्षं बसली. लग्न आणि मयत सोडलं तर उंबरा ओलांडला नाही. गुडघे धरले, मधुमेह झाला, इन्सुलिन सुरू झालं. भाऊ सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं सुई द्यायचा. एक दिवस चुकला नाही, हे मी त्याच्या तोंडावरही म्हणते.

त्या चैत्रात मी दोन दिवसांसाठी गावी गेले होते. आई काठी टेकत आली, गाडीची पायरी चढली, बाकावर बसली. पंख्याचं बटण दाबून बघितलं. फ्रीज उघडला, आत हात घातला, गार आहे याची खात्री करून घेतली. मग म्हणाली, "काठाला जाती का ही?"

"कुटं बी जाती."

"मग मला न्हे."

भाऊ भडकला. चाळीस डिग्रीच्या उन्हात इन्सुलिन टिकवायचं म्हणजे खेळ आहे का, वगैरे. तो चुकीचं बोलत नव्हता. इन्सुलिन गारव्यात लागतं, उष्णतेनं त्यातला गुण जातो. मी म्हणाले, तुझ्या घरात दिवसाचे सात-आठ तास लाईट नसते, तेव्हा तुझा फ्रीज काय मंत्रावर चालतो? शब्दानं शब्द वाढला. आई पायरीवर बसून ऐकत होती. शेवटी त्यानं बोट वर केलं. "एकदा, आक्का. एकदा जरी औशिद नासलं, न्हाईतर हिची साखर चढली, तर मी यून हिला घिऊन जाणार. परत ही भायेर पडायची न्हाई. आन् तू मला आडवायचं न्हाई."

"कबूल," मी म्हणाले. त्या वेळी मला फार शूर वाटलं होतं. आईकडं आम्ही दोघांनीही बघितलं नाही.

तर असं ते ठरलं. फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या दोन बाटल्या, आणि त्या दोन बाटल्यांवर आईचं बाहेर पडणं. नदीकडं जायच्या आधी तिला तिच्या धाकट्या बहिणीला भेटायचं होतं, म्हणून आम्ही आटपाडीच्या रस्त्याला लागलो. आई पुढच्या सीटवर बसली. तिनं आयुष्यात हा रस्ता चालतच बघितलेला. कुठं पाणी लागायचं, कुठल्या गावचे लोक कळप बघून कुत्री सोडायचे, कुठं वडिलांची घोडी पाय मोडून बसली, सगळं सांगत होती. चौदा वर्षांत ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. मी डब्यावरचा आकडा आणि तिचं तोंड आलटून पालटून बघत गाडी चालवत होते, दोन्हीकडं सगळं छान होतं.

मावशीच्या दारात पोचलो तेव्हा बारा वाजले होते. मावशी एकटी राहते, मुलगा पुण्याला असतो. गाडी थांबायच्या आत ती ओरडत आली, "आगं सावलीला घे, सावलीला!"

"मावशी, ह्या गाडीला ऊन लागतंय."

"उनात काय ठिवायचं असतंय? दगूड ठिवत्यात उनात."

मी समजावलं. पॅनेल दाखवलं, डबा दाखवला. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष दारच्या कडुलिंबाकडं होतं. तो तिनं लावलेला, टँकरचं पाणी वाचवून वाढवलेला. "आमच्या लिंबाची सावली वंगाळ हाय व्हय गं?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी अधिकाऱ्यांशी भांडले आहे, घरमालकिणींशी भांडले आहे, पण रडणाऱ्या मावशीशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नाही. एकच दिवस, म्हटलं, आणि गाडी लिंबाखाली घेतली. दोघी बहिणी दिवसभर गाडीत दोन्ही पंखे लावून सुखदुःखाचं बोलत बसल्या. संध्याकाळी बॅटरी निम्म्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी गाडी खळ्यावर उन्हात काढली. रात्रभर फ्रीज चालून बॅटरी तळाला गेली होती, पण आकडा वर चढू लागला तसा जीव निश्चिंत झाला. साखर तपासायच्या पट्ट्या आणि सुया संपत आल्या होत्या, त्यासाठी मी आटपाडीला निघाले. गाडी नेली तर आईला उन्हात हेलपाटा, म्हणून सवाऱ्या भरून जाणाऱ्या वडापच्या जीपनं. निघताना मावशीला बजावलं, "ह्येच्यावर सावली पडू द्यायची न्हाई. लिंबाची, कसलीच न्हाई."

"न्हाई पडू देत. जा तू."

तिच्या चुलीवर मोठं पातेलं होतं. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक त्यात रटरटत होता, शेजारी कुरडया पाडायचा सोऱ्या धुऊन ठेवलेला. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं आणि जीपमध्ये बसले.

चारला परतले. खळ्याच्या वळणावरूनच मला ते दिसलं. गाडीच्या छतावर, माझ्या दोन्ही पॅनेलांवर, जुनी नऊवारी अंथरलेली आणि तिच्यावर पांढऱ्या गोल कुरडया ओळीनं मांडलेल्या, एकीला एक चिकटू नये एवढी जागा सोडून. शिडी लावलेलीच होती. मी हातातली पिशवी टाकून पळत सुटले.

"बग कशा कडकडीत झाल्यात!" मावशी शिडीखाली उभी होती, अंगभर आनंद. "दोन दिसाचं काम अर्ध्या दिसात!"

"मावशी, सावली पाडू नको म्हणलं व्हतं म्या!"

"लिंबाची म्हणलीस न्हवं? म्या कुटं लिंब आणला वर?"

गाडीच्या दारातून आई म्हणाली, "तिला बोलू नगं. म्याच म्हणलं वर घाल म्हणून. लय चटका बसतुया तितं, कोंबड्या बी जात न्हाईत. आन् साडी पातळ हाय, ऊन खाली उतरतंय की तिच्यातनं."

त्या दोघींच्या हिशोबानं त्यांचं काही चुकलं नव्हतं. चैत्रात तापलेली, स्वच्छ, सपाट, शेळ्या-कोंबड्यांना न पोचणारी जागा समोर असताना तिच्यावर वाळवण न घालणारी बाई आमच्या मुलखात जन्मायची आहे. मी चिडले होते ते माझ्यावर. आत गेले. घाम सुटेल असा उकाडा, पंखे थांबलेले.

"पंखा कवा थांबला?"

"झाला यळ," आई म्हणाली. "लाईट गेली असंल म्हणून गप पडलो. यीलच की."

लाईट गेली की वाट बघायची. जन्मभराची सवय, दुसरं काय करणार? मी फ्रीज उघडला. आत बाहेरच्याइतकंच गरम. दोन्ही बाटल्या हाताला कोमट लागल्या. दिसायला मात्र होत्या तशाच. नासलेलं दूध आपण होऊन सांगतं, इन्सुलिन सांगत नाही. मी आईचं बोट टोचलं. साखर तीनशेच्या वर होती.

मी घाबरले होते, आणि त्या भीतीत आईच्या जिवाची काळजी किती आणि भावापुढं हरण्याची किती, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही सारखंच होतं, आणि त्याची मला लाज वाटते.

"सकाळपास्नं काय खाल्लंस?"

"भाकरी. आन् वाईच चीक."

"किती?"

"वाटीभर."

"दोन वाट्या," मावशी बाहेरून म्हणाली. "गूळ घालून."

दोन्ही बाटल्या मी फेकल्या. कुरडया खाली उतरवल्या, गाडी काढून पुन्हा आटपाडी गाठली, दुकानदाराकडून नव्या बाटल्या आणि डबाभर बर्फ घेतला, धुरळा उडवत परत आले, आईला सुई दिली. आणि मग जे कधी करणार नाही म्हणून बसले होते ते केलं. मावशीच्या घरात गेले, तिच्या फ्रीजचं दार उघडलं आणि ताकाच्या तांब्याशेजारी त्या बाटल्या ठेवल्या. मावशीला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती कुरडया मोजून पत्र्याच्या डब्यात भरत होती. सकाळी आईची साखर ताळ्यावर आली होती.

त्याच दिवशी दुपारी भाऊ आला. आठवड्यातून एकदा येऊन बघणार हे त्याचं ठरलेलंच होतं. आपल्या जीपमधून उतरून तो आधी आईच्या पाया पडला, मग गाडीभोवती एक चक्कर मारली. मावशीला पानं वाढायची घाई होती. तिनं आमटी-भात वाढला आणि भाच्याच्या कौतुकानं कुरडया तळल्या. त्या तेलात अशा फुलल्या की परात भरली. भावानं एक मोडून तोंडात टाकली, दुसरी टाकली.

"मावशे, काय कुरडई वाळलीया गं! आमच्यात अशी कवाच फुलत न्हाई. कुटं घातल्या व्हत्या?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. तिलाही कालपासून थोडंफार कळलं होतं. "आपलं... घरावर," ती म्हणाली.

तिचं खोटं तिथं चाललं असतं. मला गप्प राहायचं होतं, एवढंच काम होतं. पण चोरून मिळवलेली मोकळीक मला कधी पचली नाही. मी संसार उघड्यावर मोडला, घर उघड्यावर घेतलं. "सोलरवर घातल्या व्हत्या," मी म्हणाले. "माझ्या गाडीच्या."

त्याचा हात परातीत थांबला. तो पोल्ट्रीचा माणूस, वीज, फ्रीज, औषधं हे त्याला शिकवावं लागत नाही.

"औशिद?"

"नासलं."

"साखर?"

"तीनशेच्या वर गेली. आता उतरलीया. नवं औशिद आणलंय."

तो उठला, हात धुतले, टॉवेलला पुसले. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आपलं ठरलं व्हतं, आक्का," एवढंच म्हणाला. मग आईकडं वळला. "आये, कापडं घे. निगू."

माझ्याजवळ मुद्दे होते. तुझ्याकडंही लाईट जाते, एका चुकीनं काय होतं, सगळे तयार होते. एकही तोंडातून निघेना, कारण कबूल हा शब्द मीच उच्चारला होता. मी मान खाली घालून बसले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

आई मात्र जागची हलली नाही. तिनं तोंडातली कुरडई सावकाश चावून गिळली.

"कुरडया म्या घालाय लावल्या," ती म्हणाली. "चीक म्या खाल्ला. ह्यात तिचं काय चुकलं?"

"चुकलं कुणाचं ह्येचा इषय न्हाई, आये. आमचं दोघांचं ठरलं व्हतं."

"तुमचं दोघांचं ठरलं. म्या तितंच पायरीवर बसले व्हते न्हवं? मला इचारलं कुणी?" हे म्हणताना ती माझ्याकडंही बघत होती. "मेंढरू इकताना सुदिक त्येचं तोंड उघडून बगत्यात. माज्याकडं तर तुमी बगितलं बी न्हाई."



"तू कुटं जल्मलास, ठाव हाय?" तिनं भावाला विचारलं.

"गावात."

"शाळंत तसं लिवलंय. तू काठाला जल्मलास. एका रानात मेंढरं बसवली व्हती, दिस उगवायच्या टायमाला तू झालास. तिसऱ्या दिशी कळप हलला. तुला पाटीत घातला, पाटी घोडीवर बांधली, आन् म्या मागनं चालाय लागले. थंडी ही अशी. ओली बाळंतीण म्या. तवा मला कुणी म्हणलं न्हाई, बाई, तुला सोसायचं न्हाई, तू घरात बस. आन् आता सोसत न्हाई व्हय?"

"तवाची गोष्ट येगळी, आये."

"येगळी तर हायच," आई म्हणाली. "तवा माज्याकडं फ्रीज नव्हता."

मावशीला हसू आवरेना, तिनं पदर तोंडात कोंबला. भाऊ हसला नाही. चपला घातल्या आणि जीपकडं गेला. मला वाटलं, आता इंजिनाचा आवाज येणार. त्याऐवजी तो थर्माकोलचा डबा घेऊन आला. आत बर्फ आणि इन्सुलिनच्या दोन बाटल्या होत्या. आईला न्यायची वेळ आलीच तर वाटेत लागतील म्हणून त्यानं घरूनच आणल्या होत्या. तो डबा त्यानं माझ्या गाडीच्या पायरीवर ठेवला. मग शिडी चढून वर गेला. पॅनेलच्या काचेवर साडीतून झिरपलेला चीक वाळून चिकटला होता, माझ्या सकाळच्या पुसण्यातून निसटलेला. तो त्यानं रुमाल ओला करून, नखानं खरवडून काढला. सगळा काढला, एक डाग ठेवला नाही. खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि तो उन्हाचा परिणाम आहे असं मी धरून चालले.

"म्होरल्या ऐतवारी येतू बगाय," तो आईला म्हणाला. "कुटं थांबणार हायसा तवा?"

आई काठी टेकत गाडीशी आली होती, पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. चौदा वर्षं जिला कुणीही, कधीही, त्याच एका कॉटवर गाठू शकत होतं, ती बाई वळली आणि म्हणाली, "मला तरी कुटं ठाव हाय, बाबा? तू निग. घावलो तर भेटू."